पहिल्या बिऱ्हाडाची भांडी

नव्या बिऱ्हाडाला सर्वांत आधी लागतो प्रेशर कुकर. दोन-तीन माणसांना तीन लिटरचा पुरतो. आतल्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते, म्हणून तूरडाळ लवकर शिजते. झाकणाची रबरी रिंग कडक झाली की वाफ कडेने निसटते. ती वेळीच बदलावी.

लोखंडी तवा वापरण्याआधी तयार करावा लागतो. नवा तवा घासून पूर्ण कोरडा करायचा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवायचा. असे चार-पाच वेळा केल्यावर धिरडे सहज सुटते. चिंच-आमसुलाची आमटी लोखंडी कढईत काळी पडते. तिला स्टीलचे पातेलेच हवे.

मग पोळपाट-लाटणे, चिमटा, सांडशी, उलथणे, फोडणीची पळी, मिसळणाचा डबा. कापायला विळी उत्तम, कारण नारळ खवण्याची सोयही तिच्या टोकालाच असते. घरात रांगते मूल असेल तर मात्र सुरी बरी. मिक्सर सावकाश घेतला तरी चालतो. दाण्याचे कूट आणि ठेचा खलबत्त्यात चांगला होतो.