खोबरेल नको, जवस बरं!

दिवाळीची साफसफाई निघाली की आपल्याला घरातल्या लाकडी सामानाची आठवण येते. एरवी वर्षभर बिचारं कपाट ओलं फडकं आणि पोरांचे हात सोसत उभं असतं. मग सणाच्या आठ दिवस आधी त्याला चमकवायची घाई! मैत्रिणींनो, अशाच घाईत मी एकदा सासूबाईंच्या कपाटाची पार वाट लावली होती.

कपाट सागवानी. जुन्या जालन्यातला वाडा पाडला तेव्हा निघालेल्या तुळयांचं करून घेतलेलं. कुंडलिका ओलांडून आम्ही नवीन जालन्यात राहायला आलो, तेव्हा वाड्यातलं तेवढंच सोबत आलं. पॉलिश कधीच उडून गेलेलं होतं. कुठेतरी वाचलं, की लिंबाचा रस आणि खोबरेल एकत्र करून चोळलं की लाकूड आरशासारखं दिसतं. दिसलं हो! दिवाळीला आलेल्या बायकांनी कौतुकही केलं. पण उन्हाळा लागला आणि कपाट हाताला चिकट लागू लागलं. रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर, आणि वर खवट वास. घरात 'देऊन टाकू, लोखंडी घेऊ' अशी भाषा सुरू झाली. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त आपल्या साड्या काढून ट्रंकेत ठेवू लागल्या. ते पाहून मात्र मला रडू आलं.

शेवटी ओळखीच्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी नखाने खरवडून वास घेतला आणि हसले. म्हणाले, "ताई, फोडणीचं तेल लाकडाला चालत नसतंय. हे वाळतच नाही."

खरी गोम इथेच आहे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, ते ओलंच राहतं. जवसाचं तेल मात्र हवा लागली की हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या रंध्रांत त्याचा पातळ पापुद्रा धरतो. करडईचंही थोडंफार वाळतं, पण फार सावकाश. जवस तर आपल्या मराठवाड्याचंच पीक. चटणी करून खातो, पण ते लाकडालाही चालतं हे आपण विसरलो. आणि लिंबाचं म्हणाल, तर त्याच्या आंबटपणाने लाकूड काही पोसत नाही, उलट जुनं पॉलिश निस्तेज होतं.

काकांनी आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने ते चिकट थर दोन-तीनदा पुसून काढायला लावले. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब करायचं. मग मेणाचं पॉलिश. एक वाटी जवसाचं तेल (पेंटच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते) आणि पाव वाटी किसलेलं मधमाशीचं मेण. साधी मेणबत्ती नको, ती पेट्रोलियमची असते. मेण खादी ग्रामोद्योगच्या दुकानात विचारा. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवा. थेट आचेवर कधीच नाही. थंड झालं की मलम तयार. सुती फडक्यावर बोटभर घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने पातळ चोळा, वीसेक मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जुन्या धोतराने घासा. जाड थर दिलात तर पुन्हा तेच चिकट प्रकरण!

आता एक गोष्ट अगदी कान देऊन ऐका. जवसाचं तेल वाळताना उष्णता निघते. तेलाच्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. मी बोळा बादलीत टाकला होता, तासाभराने उचलला तर हाताला चांगलाच गरम लागला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात काय झालं असतं! फडकं पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर दोरीवर मोकळं पसरून वाळवा, मगच फेका.

आपल्या वस्तूवर कसलं पॉलिश आहे, हे कळत नसेल तर मागच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहा. जागा चिकट झाली की ते लाखेचं पॉलिश समजा. त्यावर गरम कपाचा पांढरा डाग पडला असेल, तर चाळलेली राख आणि दोन थेंब तेल बोटाने हलकेच चोळा. डाग बहुतेक वेळा जातो. सनमायका किंवा प्लास्टिकसारखं दिसणारं नवं पॉलिश असेल तर तेल लावूच नका. ते आत जातच नाही, ओलसर फडकं पुरे. आणि कपाटाखाली पिवळसर भुकटी पडत असेल तर आत कीड आहे. तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही, औषध मारणाऱ्यालाच बोलवा.

2012-13 च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर दिवस काढले, तेव्हा पाणी वाचवायला मी फर्निचर ओल्या फडक्याने पुसायचं सोडलं. गंमत म्हणजे लाकडाला तेच मानवलं! कूलरचा झोतही कपाटावर सरळ येऊ देऊ नये. आणि पावसाळ्यात दारं घट्ट झाली की रंधा मारायची घाई नको. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, मग फट पडते. कडेला मेणबत्ती घासून ते दिवस काढावेत.

पोळपाट-लाटण्याला मात्र घाण्याचं खायचं जवसाचं तेलच लावा, डबल बॉइल्ड नको. त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं असतात, ती पोटात जायला नकोत.

सासूबाईंच्या साड्या परत कपाटात आल्या आहेत. तरी प्रत्येक फळीवर त्या वर्तमानपत्र अंथरतात. "अगं, तुझ्या मेणाचा भरवसा नाही मला," म्हणतात.