इंजिन नवं बांधलं, तरी ऑइलची बत्ती का लागते?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ट्रकवर चालणारी घरं पुष्कळ आहेत. हंगामात प्रवरानगर, संगमनेर, कोपरगावच्या कारखान्यांचा ऊस. एरवी नेप्ती, घोडेगावचा कांदा. अशा घरात इंजिन खोलायची वेळ आली की साठवलेली पुंजी संपते, कधी दागिने गहाण पडतात. काम होऊन गाडी बाहेर येते आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते: गरम झाल्यावर स्लो बसत नाही, रेस सोडली की इंजिन बंद पडायला बघतं, आणि त्याच वेळी ऑइलची लाल बत्ती लुकलुकते.

अशा वेळी घाईत दोन उपाय होतात. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून स्लो वाढवायचा, नाहीतर सेंडर खराब आहे म्हणत त्याची वायर काढून टाकायची. बत्ती विझते, दोष मात्र आत तसाच राहतो. म्हणून आधी कारण समजून घेऊ.

शाळेत दाब शिकवताना आम्ही ठिबकचं उदाहरण देतो. मोटर पाणी ढकलते, पण नळीत दाब टिकतो तो छिद्रं बारीक असल्यामुळे. मोटर मंद झाली तर दाब उतरतो. नळीच्या टोकाची टोपी निघाली तरी उतरतो. इंजिनात ऑइल पंप ही मोटर, आणि क्रँक व बेअरिंगमधली फट हे छिद्र. पंप इंजिनच्याच फेऱ्यांवर फिरतो. त्यामुळे स्लो कमी झाला की दाब कमी होणारच. गरम ऑइल पातळ होतं, म्हणून बत्ती थंड इंजिनात लागत नाही, घाट चढून आल्यावर लागते.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे करावी.

पहिलं, गाडी सपाट जागी लावून ऑइलची पट्टी बघा. लेव्हल कमी असेल तर गळती शोधा. लेव्हल आपोआप वाढली असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर त्यात डिझेल मिसळतंय. असं ऑइल पातळ होऊन दाब धरत नाही. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आहे ना, हेही विचारा.

दुसरं, सेंडर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. इंजिन पूर्ण गरम करून स्लोवर आणि रेसवर, दोन्ही आकडे लिहून घ्या. उदाहरणार्थ, आपल्याकडे बऱ्याच टाटा ट्रकांत असलेल्या सहा सिलिंडरच्या ५.९ लिटर कमिन्स इंजिनला गरम असताना स्लोवर किमान १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो, आणि पूर्ण वेगावर किमान ३० पीएसआय, म्हणजे सुमारे २.१ किलो दाब लागतो. दुसऱ्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकात बघावा.

तिसरं, टॅकोमीटरने स्लोचे फेरे मोजा. कानावर भरवसा ठेवू नका.

आता अर्थ लावू. दाब बरोबर असून बत्ती लागते, तर दोष सेंडर किंवा वायरिंगचा. फेरे कमी आहेत आणि ते पुस्तकाप्रमाणे केल्यावर दाबही बरोबर येतो, तर डिझेलची बाजू बघा: तुंबलेला फिल्टर, लाइनमध्ये हवा, इंजेक्टर, पंपाचं टायमिंग. फेरे बरोबर असून फक्त गरम स्लोवर दाब पडतो, तर ऑइल पातळ आहे, पंप झिजलाय किंवा बेअरिंगची फट जास्त आहे. स्लो आणि रेस दोन्हीकडे दाब कमी असेल, तर चेंबरमधली जाळी, सक्शन पाइपचं गॅस्केट आणि रिलीफ व्हॉल्व्ह बघा. सीलंटचा तुकडा जाळीत अडकतो, बारीक कचऱ्याने व्हॉल्व्ह उघडा राहतो.

इंजिन नुकतंच बांधलेलं असेल, तर आणखी तीन प्रश्न उस्तादला अदबीने विचारा. क्रँक किती साइजला घासला, ०.२५ की ०.५० मिलिमीटर, आणि बेअरिंग त्याच साइजचे टाकले का? ऑइल गॅलरीचे सगळे प्लग परत बसवले का? जुनाच ऑइल पंप टाकला असेल, तर तो मोजला होता का? शंका राहिली तर चेंबर उतरवून प्लास्टिगेजने फट मोजता येते. पूर्ण इंजिन पुन्हा खोलण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

चालत्या गाडीत, रेसवर असताना बत्ती लागली तर मात्र पुढच्या ढाब्यापर्यंत जायचं नाही. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. दाबाशिवाय काही मिनिटं इंजिन चाललं तरी बेअरिंग जळतं, क्रँक जातो आणि केलेला सगळा खर्च पाण्यात जातो. टोचनचं भाडं त्यापुढे काहीच नाही.

इंजिनकामाचं बिल, बेअरिंगची साइज आणि पहिल्या दिवसाचे दाबाचे दोन आकडे घरच्या वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी ‘आधीपासूनच असं होतं’ म्हणालं, तर वही काढून दाखवता येईल.