गाव नदीकाठी, स्टेशन माळावर

मागच्या भागात आपण बचत गटाचा माल बाजारापर्यंत कसा न्यायचा ते बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं की रेल्वेचं काय? आमच्या जवळ स्टेशन आहे, पण गाडीनं जाणं परवडतं की एसटीनं? आणि गाड्या पहिल्यासारख्या थांबत का नाहीत? म्हणून आज आपल्या पुणे-मिरज लाइनवरच्या छोट्या स्टेशनांबद्दल बोलू. उदाहरण घेऊ भिलवडीचं. मसूर, शेणोली, ताकारी, नांद्रे इथल्या बायकांनी आपापलं स्टेशन डोळ्यांपुढं ठेवावं, कारण गोष्ट बरीचशी तीच आहे.

भिलवडी गाव पलूस तालुक्यात, अगदी कृष्णेच्या काठावर. घाट आहे, जुनं वाचनालय आहे, पलीकडच्या काठाला औदुंबरचं दत्तस्थान. पण स्टेशन गावात नाही. ते नदीपासून काही किलोमीटर आत, माळाच्या अंगाला आहे. तिथल्या वस्तीचं नावच पडलं 'भिलवडी स्टेशन'. हे भिलवडीचंच नाही. साताऱ्याचं स्टेशन माहुलीकडं, कृष्णा ओलांडून. कऱ्हाडचं स्टेशन ओगलेवाडीला, तेही नदी ओलांडून. बाहेरचा माणूस विचारतो, अहो, स्टेशन गावात का नाही बांधलं?

नकाशा बघा म्हणजे कळेल. ही लाइन वाठारकडून साताऱ्याला येते आणि मिरजेपर्यंत कृष्णेच्या डाव्या काठाकाठानं जाते. एवढ्या सगळ्या वाटेत ती एकदाही कृष्णा ओलांडत नाही. येरळेसारख्या बाजूनं येऊन मिळणाऱ्या नद्यांवर पूल आहेत, पण मोठ्या नदीला हात लावलेला नाही. कृष्णेवर पूल म्हणजे मोठा खर्च, आणि काठाची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रुळाखालच्या भरावाला ती चांगली नाही, हे शेतात वावरणाऱ्या बाईला सांगायला नको. म्हणून रूळ नदीपासून अंतर राखून टाकले. नदी मग पहिल्यांदा ओलांडली जाते मिरजेच्या पुढं, जयसिंगपूरकडं जाताना अंकलीजवळ. 2019 आणि 2021 च्या महापुरात मिरज-कोल्हापूर गाड्या बंद पडल्या, कारण त्या तुकड्यावर आधी कृष्णा आणि पुढं रुकडीजवळ पंचगंगा आडवी येते.

तेव्हा स्टेशन माळावर असण्यात एक शहाणपण आहे. पण त्याचा भार कुणी उचलला? चालणाऱ्यानं. गावातून स्टेशनपर्यंतचं ते अंतर पुरुष सायकलवर, मोटारसायकलवर काढतो. बाई पाटी घेऊन, पोर घेऊन निघते. पहाटेच्या गाडीला जायचं तर अंधारात निघावं लागतं, संध्याकाळची गाडी उशिरा आली तर परत अंधार. माझं तर मत असं आहे की छोट्या स्टेशनाला किती बायका येतात हे गाडीच्या वेळेपेक्षा त्या रस्त्यावर दिवा आहे का आणि रिक्षा मिळते का यावरून ठरतं. रेल्वेच्या हद्दीबाहेरचा रस्ता हे काम रेल्वेचं नव्हे, ते ग्रामपंचायतीचं किंवा बांधकाम खात्याचं. ग्रामसभेत मांडायचा विषय आहे हा.

असल्या माळावरच्या स्टेशनानं काय काय घडवलं ते ऐका. साताऱ्याजवळच्या लिंब-गोव्याचे भास्कर गणेश चितळे, म्हणजे बाबासाहेब चितळे, 1939 साली भिलवडीला आले आणि दुधाचा धंदा सुरू केला. काठाला पाणी, पाण्यामुळं चारा, चाऱ्यामुळं जनावरं, आणि शेजारी रेल्वे. दूध नासायच्या आत शहरात पोचलं पाहिजे, हीच तर या धंद्याची मेख. आज घरोघरी पिशवी येते ते नाव अशा एका थांब्यापाशी वाढलं. जरा वर कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं, शेजारी ओसाड माळ. औंधच्या महाराजांनी दिलेल्या त्या जागेवर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला आणि स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. बायकांसाठीचं 'स्त्री' मासिक 1930 मध्ये निघालं ते याच किर्लोस्करवाडीतून, पुण्या-मुंबईतून नव्हे! शेणोलीची गोष्ट तर तुमच्यातल्या काहींनी आजोबांकडून ऐकली असेल. 7 जून 1943 ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रजांची पगाराची गाडी तिथंच अडवली होती.

आता मुद्द्यावर येते. छोट्या स्टेशनावर गाडी थांबते कशी, आणि थांबायची बंद होते कशी?

आपली लाइन वर्षानुवर्षं एकेरी होती. 1971 च्या सुमारास मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, रूळ रुंद झाले, पण रूळ एकच. एका रुळावर समोरासमोरून दोन गाड्या आल्या तर एकीला स्टेशनात बाजूला उभं राहावं लागतं. यालाच आपण क्रॉसिंग म्हणतो. 'क्रॉसिंगला थांबलीय' म्हणून वैतागणाऱ्या आपण, पण त्याच थांबण्यात कितीतरी बायका चढल्या-उतरल्या आहेत. वेळापत्रकात थांबा नसला तरी गाडी उभी राहायची.

गेल्या काही वर्षांत या मार्गावर विजेची तार आली आणि शेजारी दुसरा रूळ टाकला गेला. जाणारी गाडी एका रुळावरून, येणारी दुसऱ्यावरून. क्रॉसिंगसाठी थांबायची गरज उरत नाही. गाड्या वेळेवर येतील, लवकर पोचतील, हे चांगलंच. पण त्याबरोबर तो फुकटचा थांबाही गेला. इथून पुढं गाडी उभी राहील ती कागदावर थांबा असेल तरच.

कागदावरचा थांबा कशानं मिळतो? गाडी थांबवायची म्हणजे वेग कमी करा, उभी करा, परत वेग घ्या. यात वेळ जातो, वीज जाते. रेल्वे बघते की त्या स्टेशनातून तिकिटं किती विकली गेली, उत्पन्न किती आलं. नवीन थांबा बहुतेक वेळा सहा महिन्यांसाठी 'प्रायोगिक' म्हणून देतात. त्या सहा महिन्यांत तिकिटं खपली तर थांबा राहतो.

इथं आपलं चुकतं, हे स्पष्टच बोलते. एकच स्टेशन तर जायचंय, कोण तपासतंय, म्हणून पुष्कळ बायका तिकीट काढत नाहीत. पकडलं तर भाड्यावर कमीत कमी 250 रुपये दंड, ते एक. पण त्याहून मोठं नुकसान असं की रेल्वेच्या हिशेबात त्या बाईनं प्रवास केलेलाच नसतो. फलाटावर पन्नास जणी उभ्या आणि खिडकीत तिकिटं अकरा, तर वर कागद जातो तो अकराचा. उद्या थांबा गेला की मोर्चा काढायला पन्नासही येतील, पण साहेब आकडा दाखवणार अकराचाच.

दुसरीकडं एसटी. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यामुळं रेल्वेकडच्या बायका कमी झाल्या, त्यात नवल नाही. त्यात करोनात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या, नंतर 'स्पेशल' म्हणून सुरू झाल्या तेव्हा कमीत कमी भाडं दहाचं तीस रुपये झालं. ते तीस अनेकींच्या डोक्यात अजून बसलंय. पण फेब्रुवारी 2024 मध्ये पॅसेंजरचं जुनं भाडं परत आणलं. कमीत कमी दहा रुपये. तेव्हा आपल्या गावापुरता हिशेब करून बघा: स्टेशनपर्यंतची रिक्षा धरा, एसटीचं अर्धं तिकीट धरा, आणि मग ठरवा. कुठं एसटी परवडेल, कुठं रेल्वे. सांगली-मिरजेला रोज जाणारीला बहुधा रेल्वेचा पास स्वस्त पडेल, कारण महिन्याचा पास साधारण पंधरा फेऱ्यांच्या भाड्यात येतो.

आणि मुलींचं तर लिहूनच घ्या. शाळा-कॉलेजला रेल्वेनं जाणाऱ्या मुलीला पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. मुलांना बारावीपर्यंत. कॉलेजकडून ठरावीक नमुन्यात दाखला घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर द्यायचा. लांब पडतं म्हणून कॉलेज सोडायला लावलेल्या मुली आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांच्या आईबापांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

माल नेणाऱ्या बायकांसाठी एवढंच, की दुसऱ्या वर्गात माणशी 35 किलोपर्यंत सामान सोबत नेता येतं, वेगळे पैसे पडत नाहीत. पाट्या दारात ठेवू नका, भांडणं तिथंच होतात.

साधं तिकीट काढलं की तीन तासांच्या आत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीनं निघायचं असतं. सकाळी काढून दुपारी निवांत गेलं तर ते चालत नाही, 199 किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी हा नियम आहे.

अडचण आली तर 139 नंबर. मदत, तक्रार, सुरक्षा, सगळ्याला एकच. गंमत अशी की रेल्वे कायद्याचं, 1989 च्या, कलमही 139 च आहे, जे बाईच्या कामाचं आहे. सोबत पुरुष नसलेल्या बाईला किंवा लहान मुलाला बिनतिकीट सापडलं म्हणून कुठल्याही आडवाटेच्या स्टेशनावर उतरवता येत नाही. उतरवायचं तर जिथून ती बसली तिथं, नाहीतर जंक्शनला, शेवटच्या स्टेशनाला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेही दिवसाउजेडी. पर्स चोरीला गेली, तिकीट हरवलं, तर हे माहीत असावं. याचा अर्थ तिकीट काढू नका असा कुणी काढू नये!

राहिला अर्जाचा विषय. थांबा हवा असेल, फलाट उंच करून हवा असेल, शेड किंवा स्वच्छतागृह हवं असेल, तर गटाच्या नावानं अर्ज करा. तो पुण्याला मध्य रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांच्या नावे द्यायचा, एक प्रत खासदारांना. अर्जात 'आमची फार गैरसोय होते' एवढंच लिहू नका. महिनाभर गटातल्या बायकांनी काढलेली तिकिटं जपून ठेवा, कोण कुठं, कशासाठी जाते त्याची यादी करा, कॉलेजच्या मुली किती, दवाखान्याला जाणाऱ्या किती, बाजाराला किती. तिकिटांच्या झेरॉक्स अर्जाला जोडा. अर्ज स्टेशन मास्तरांकडं दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घालून घ्या, आणि ती पोच गटाच्या फायलीत लावा. पुढच्या वेळी जाल तेव्हा पहिला प्रश्न तोच येतो: बाई, अर्ज कधी दिला होता?