बेसबॉलची बाराखडी – ९ : विजयाचा रकाना झाका

मागच्या भागात पिचर चेंडू कसकसा वळवतो ते पाहिलं. आज त्याचा हिशेब पाहू, कारण अमेरिकेतल्या मेजर लीगचा हंगाम संपत आला की सगळ्यात कडाक्याचा वाद याच हिशेबावर होतो. अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला ‘साय यंग’ पुरस्कार मिळतो. प्रत्येक लीगसाठी तीस बेसबॉल पत्रकार मत देतात आणि प्लेऑफ सुरू होण्याआधीच त्यांना ते द्यावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की मत देताना पिचरच्या नावापुढचा ‘विजय’ हा रकाना हाताने झाकून ठेवावा.

हा रकाना भरतो कसा ते बघा. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरने किमान पाच इनिंग टाकायच्या, तो बाहेर जाताना संघ पुढे असायला हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. तेव्हा कुठे विजय त्याच्या खात्यावर जमा होतो. यातली पहिली अट त्याच्या हातातली. धावा काढणार सहकारी, आघाडी राखणार नंतर येणारे पिचर. १९७३पासून अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच खेळाडू बॅटिंग करतो आणि २०२२पासून नॅशनल लीगमध्येही तोच नियम आहे. म्हणजे धावफलक हलवायला पिचर बॅट घेऊन येतही नाही. बुमराने पाच बळी घ्यावेत, आपले फलंदाज शंभरात गारद व्हावेत आणि पराभव बुमराच्या नावावर मांडावा, तसाच हा प्रकार.

१८ मे २०२५चा सामना घ्या. फिलाडेल्फियात पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, तीन हिट दिले, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं, धाव दिली फक्त एक. यजमान संघ पुढे असल्याने नवव्या इनिंगमध्ये त्याला बॅटिंगची गरजच पडली नाही, त्यामुळे पायरेट्सची सगळी गोलंदाजी एकट्या स्कीन्सची. निकाल १-०. पराभव स्कीन्सच्या नावावर, विजय त्या दिवशी मेजर लीगमध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या मिक एबलच्या. हंगामाअखेर स्कीन्सचे विजय दहा, पराभवही दहा; पण फील्डरच्या उघड चुकांमुळे गेलेल्या धावा सोडल्या, तर नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.९७ धावा दिल्या होत्या (या आकड्याला ईआरए म्हणतात). तिसांपैकी तीसही पत्रकारांनी त्यालाच पहिला क्रमांक दिला.

पत्रकारांचा हा शहाणपणा तसा अलीकडचा. २००५ साली बार्टोलो कोलोनचे २१ विजय बघून पुरस्कार त्याला देऊन टाकला; त्याचा ईआरए ३.४८, तर तिसऱ्या क्रमांकावर ढकललेल्या योहान सान्तानाचा २.८७. विजय मात्र सान्तानाचे १६च! ही गफलत सुधारली २०१०मध्ये. सिएटलच्या फेलिक्स हर्नांडेझचे १३ विजय, १२ पराभव. पण ईआरए २.२७ आणि जवळपास २५० इनिंग. सीसी सबाथियाचे २१ विजय बाजूला ठेवून मतदारांनी हर्नांडेझला निवडलं. त्याच्या संघाने त्या वर्षी १०१ सामने गमावले होते.

यावर जुन्या वळणाचे लोक म्हणतात, खरा मोठा पिचर जिंकण्याचा मार्ग काढतोच. मग मेट्सच्या जेकब डीग्रॉमने आणखी काय करायला हवं होतं? २ जून २०१८ला शिकागो कब्जविरुद्ध त्याने सात इनिंगमध्ये एकच धाव देत तेरा स्ट्राइकआउट केले, तरी मेट्सना चौदा इनिंगमध्ये मिळून एकच धाव काढता आली आणि ते हरले. त्या वर्षी त्याचा ईआरए १.७० आणि विजय दहा. दुसरा आक्षेप असा, की तळाच्या संघात दडपण नसतं. असेलही; पण समोरचा बॅटर तोच असतो आणि तो काही दया दाखवून बॅट फिरवत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. ईआरए तरी कुठे निव्वळ पिचरचा? मागचे फील्डर ढिले असतील तर तोही फुगतो. म्हणूनच एका आकड्याचे देव्हारे माजवू नयेत, आणि टाकलेल्या इनिंगचं वजन तर मुळीच विसरू नये. २०२१मध्ये कॉर्बिन बर्न्स आणि झॅक व्हीलर यांना पहिल्या पसंतीची बारा-बारा मतं पडली. एकूण गुणांत बर्न्स सरशी करून गेला. त्याचा ईआरए २.४३, व्हीलरचा २.७८. पण बर्न्सच्या इनिंग १६७ आणि व्हीलरच्या २१३. ४६ जास्तीच्या इनिंग म्हणजे पाच अख्खे सामने! ते कुणीतरी टाकलेच ना? माझं मत व्हीलरला पडलं असतं.

पुढच्या आठवड्यात ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर’कडे वळू. तिथे भांडण आकड्यांआधी ‘व्हॅल्युएबल’ या शब्दाच्या अर्थावरूनच सुरू होतं. तोपर्यंत २०१२ सालच्या मिगेल काब्रेरा आणि माइक ट्राउट यांचे आकडे काढून ठेवा.