रायपूरचे विरोधी पक्षनेते : गाजले किती, नडले किती?

छत्तीसगढच्या राजकीय वर्तुळात एक योगायोग नेहमी सांगितला जातो. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर २०२३ पर्यंत विधानसभेच्या पाच निवडणुका झाल्या आणि त्यांपैकी चार निवडणुकांत मावळत्या सभागृहातील विरोधी पक्षनेता स्वतःच पराभूत झाला. २००३ मध्ये भाजपचे नंदकुमार साय, २००८ मध्ये काँग्रेसचे महेंद्र कर्मा, २०१३ मध्ये काँग्रेसचेच रवींद्र चौबे आणि २०२३ मध्ये भाजपचे नारायण चंदेल. अपवाद एकच, २०१८ मध्ये अंबिकापूर राखणारे टी. एस. सिंहदेव. या काळात राज्यात तीन वेळा सत्तांतर झाले; परंतु एकदाही विरोधी पक्षनेत्याच्या गळ्यात मुख्यमंत्रिपदाची माळ पडली नाही. डॉ. रमणसिंह, भूपेश बघेल आणि विष्णुदेव साय हे तिघेही दुसऱ्याच वाटेने त्या खुर्चीपर्यंत पोहोचले.

हे पद एवढे अपयशी असेल, तर त्यावरून प्रत्येक कार्यकाळात रायपुरात एवढा वाद का होतो? नेता निष्प्रभ आहे, अशी टीका त्याच्याच पक्षातून होते. वृत्तपत्रे आपल्याला न्याय देत नाहीत, अशी तक्रार त्याचे समर्थक करतात. आणि सरकारशी आतून संधान असल्याची कुजबुज तर कायमचीच. मात्र या वादात विरोधी पक्षनेत्याला मोजायचे कशाने, हा प्रश्न बहुधा बाजूलाच राहतो.

रायपूर-भिलाईच्या मराठी वाचकाजवळ यासाठी एक तयार मापदंड असतो. नव्वदच्या दशकात गोपीनाथ मुंडे यांनी शरद पवार यांच्याविरुद्ध सभागृहात आणि सभागृहाबाहेर जे रान उठवले, त्यातून १९९५ च्या सत्तांतराची भूमिका तयार झाली, ही आठवण अजून पुसलेली नाही. तेव्हापासून प्रभावी विरोधी पक्षनेता म्हणजे रोज मथळ्यात असणारा नेता, असे समीकरण रूढ झाले. छत्तीसगढचा अनुभव या समीकरणाला छेद देतो.

पहिले विरोधी पक्षनेते नंदकुमार साय यांची सुरुवातच स्वपक्षीयांच्या विरोधाने झाली. केंद्रीय नेतृत्वाच्या वतीने नरेंद्र मोदी रायपुरात आलेले असतानाच साय यांच्या निवडीवरून पक्ष कार्यालयात प्रतिस्पर्धी गटाच्या समर्थकांनी गोंधळ घातला. पुढे २००१ च्या अखेरीस भाजपचे बारा आमदार फुटून अजित जोगी यांच्या काँग्रेसमध्ये गेले. आमदार सांभाळता न आलेला नेता, असा शिक्का साय यांच्यावर बसला. परंतु जोगी सरकारविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या लाठीमारात पाय मोडून घेणारे नेतेही तेच होते. २००३ मध्ये पक्षाने त्यांना थेट मुख्यमंत्र्यांच्या मरवाहीत उभे केले. तेथे ते हरले, पक्ष ९० पैकी ५० जागा जिंकून सत्तेवर आला आणि मुख्यमंत्रिपद प्रदेशाध्यक्ष रमणसिंह यांच्याकडे गेले. संघर्षाची किंमत एकाने मोजली, फळ दुसऱ्याच्या हाती पडले.

खरा पेच मात्र पुढच्या पाच वर्षांचा आहे. महेंद्र कर्मा यांच्याएवढी प्रसिद्धी या राज्यात अन्य कोणत्याही विरोधी पक्षनेत्याला लाभली नाही. दंतेवाड्याचा हा आदिवासी नेता १९८० मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे विधानसभेत गेला, १९९६ मध्ये अपक्ष म्हणून बस्तरमधून लोकसभेवर निवडून आला आणि पुढे काँग्रेसच्या जोगी मंत्रिमंडळात मंत्री झाला. २००५ च्या जूनपासून बस्तरमध्ये माओवाद्यांविरुद्ध ‘सलवा जुडूम’ उभे राहिले आणि विरोधी पक्षाचे नेते असलेले कर्मा त्याचा चेहरा बनले. मोहिमेच्या पाठीशी भाजपचे सरकार होते. एका व्यासपीठावर मुख्यमंत्री आणि विरोधी पक्षनेता, हे दृश्य देशात अपूर्वच होते.

प्रसारमाध्यमांनी या दृश्याची दोन अगदी भिन्न चित्रे रंगवली. स्थानिक वृत्तपत्रांच्या लेखी कर्मा ‘बस्तर टायगर’ होते. जिवाची पर्वा न करता गावोगाव फिरणारे. दिल्लीहून येणाऱ्या वार्ताहरांना आणि अभ्यास पथकांना मात्र रिकामी झालेली गावे आणि रस्त्याकडेच्या छावण्यांत राहणारी सुमारे ५० हजार माणसे दिसली. हाती शस्त्र दिलेले आदिवासी तरुण ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून वावरताना दिसले. कर्मा यांचे समर्थक म्हणत, की राजधानीच्या वातानुकूलित खोल्यांतून बस्तर कळत नाही. ज्याच्या घरची माणसे माओवाद्यांनी मारली, त्याला मानवी हक्क शिकवण्याचा अधिकार कोणाला? विरोधकांचा प्रतिप्रश्न होता, की पोलीस, प्रशासन आणि विरोधी पक्षनेता एकाच बाजूला उभे राहिल्यावर छावणीतल्या माणसाने गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे? विशेष म्हणजे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी अजित जोगी हेदेखील सलवा जुडूमच्या विरोधात उघडपणे बोलत होते. एकाच प्रश्नावर काँग्रेसची दोन तोंडे दोन दिशांना होती.

कर्मा यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या भूमिकेची किंमत प्राणाने चुकती केली. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत माओवाद्यांनी काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर हल्ला केला. त्यात कर्मा आणि प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल मारले गेले. जखमी विद्याचरण शुक्ल पुढे जूनमध्ये निवर्तले. परंतु व्यक्तीचे धैर्य आणि पदाचे कर्तव्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सरकारने हाती घेतलेल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत धोकादायक प्रयोगाची उलटतपासणी करणे, हे सभागृहात ज्या खुर्चीचे काम होते, नेमकी तीच खुर्ची त्या प्रयोगात सहभागी होती. जुलै २००७ मध्ये नक्षल प्रश्नावर विधानसभेची बैठक बंद दाराआड झाली. पत्रकार कक्ष रिकामा ठेवण्यात आला. सभागृहात जे प्रश्न धसास लागायला हवे होते, ते अखेर न्यायालयात गेले. नंदिनी सुंदर, रामचंद्र गुहा आणि ई. ए. एस. सरमा यांच्या याचिकेवर ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून माओवाद्यांविरुद्ध उभे करणे घटनाबाह्य ठरवले. आमदारांनी विचारायचे ते प्रश्न प्राध्यापकांना आणि एका निवृत्त सनदी अधिकाऱ्याला विचारावे लागले.

मतदारांचा कौल त्याआधीच आला होता. २००८ मध्ये बस्तरच्या १२ पैकी ११ जागा भाजपने जिंकल्या; काँग्रेसकडे एकटे कोंटा राहिले. दंतेवाड्यात कर्मा तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. ज्यांना मोहीम पटली त्यांनी श्रेय सरकारला दिले. ज्यांना ती जाचली त्यांना काँग्रेसमध्ये आपला वाली दिसला नाही. गाजलेल्या नेत्याला प्रसिद्धीने तारले नाही, ते असे.

याच्या नेमके उलट उदाहरण सिंहदेव यांचे. सरगुजाच्या राजघराण्यातील हे मृदुभाषी गृहस्थ २०१४ मध्ये विरोधी पक्षनेते झाले, तेव्हा मथळ्यांवर प्रदेशाध्यक्ष भूपेश बघेल यांच्या आक्रमकतेची छाप होती. सिंहदेव सौम्य आहेत, सरकारला त्यांचे भय वाटत नाही, हा आक्षेप सर्रास घेतला जाई. काळही कठीण होता. २०१४ च्या अंतागढ पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली. त्यामागील कथित सौद्याच्या ध्वनिफिती २०१५ च्या डिसेंबरात वृत्तपत्रातून उजेडात आल्या आणि विरोधी पक्षाच्याच विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. या वातावरणात सिंहदेव यांनी नागरी पुरवठ्यातील गैरव्यवहारासारखे विषय सभागृहात लावून धरले आणि २०१८ च्या जाहीरनाम्याची समिती सांभाळली. कर्जमाफी आणि धानाला क्विंटलमागे २५०० रुपये ही त्या जाहीरनाम्याची मुख्य आश्वासने होती. काँग्रेसला ९० पैकी ६८ जागा मिळाल्या. बघेल-सिंहदेव जोडीला ‘जय-वीरू’ म्हणणारी माध्यमेच पुढे अडीच-अडीच वर्षांच्या कथित सूत्रावरून त्यांच्यातील बेबनावाच्या बातम्या रंगवू लागली, हा भाग निराळा.

माध्यमांविषयीची तक्रार सर्वस्वी निराधार नाही. मायाराम सुरजन यांनी १९५९ मध्ये रायपुरात सुरू केलेल्या ‘देशबंधु’पासून या शहराला वृत्तपत्रांची थोर परंपरा आहे, पण लहान बाजारपेठेत सरकारी जाहिरात हा मोठा आधार असतो आणि तिच्या दोऱ्या जनसंपर्क विभाग व ‘छत्तीसगढ संवाद’ या त्याच्या संस्थेच्या हाती असतात. सत्ता कोणाचीही असो, विरोधकाची बातमी आतल्या पानावर सरकते, अशी ओरड त्यामुळे दोन्ही पक्षांनी आपापल्या वनवासात केली. शिवाय येथील विधानसभेच्या नियमानुसार अध्यक्षांसमोरील हौद्यात उतरणारा सदस्य आपोआप निलंबित होतो. छायाचित्र मिळते, पण चर्चेतील जागा जाते. कोणत्याही विरोधी पक्षनेत्याला रोज हा हिशेब करावा लागतो.

भाजपनेही २०१८ नंतर हाच हिशेब केला. उण्यापुऱ्या १४ आमदारांच्या बळावर धरमलाल कौशिक यांनी जुलै २०२२ मध्ये अविश्वास ठराव मांडला. तो फेटाळला जाणार हे ठरलेलेच होते. मात्र सरकारला सभागृहात उत्तरे द्यावी लागली. महिना उलटण्याआधीच, १७ ऑगस्टला, कौशिक यांच्या जागी नारायण चंदेल यांची नेमणूक झाली. पक्षाला अधिक आक्रमक चेहरा हवा असल्याचे विश्लेषण तेव्हा झाले. वर्षभराने भाजपने ५४ जागा जिंकल्या. बाजूला केलेले कौशिक बिल्ह्यातून निवडून आले आणि चंदेल जांजगीर-चांपामध्ये हरले. नंतर डिसेंबर २०२३ मध्ये हे पद काँग्रेसचे चरणदास महंत यांच्याकडे आले.

या सगळ्यातून एक निष्कर्ष निघतो. विरोधी पक्षनेत्याचे यश त्याच्या मतदारसंघातील मतमोजणीवर, त्याला मिळालेल्या रकान्यांवर किंवा त्याच्या आवाजाच्या पट्टीवर मोजता येत नाही. सरकारला सर्वांत अडचणीचा प्रश्न कोणता आणि तो विचारण्यास तो मोकळा होता काय, हीच त्याची खरी कसोटी. सौम्य सिंहदेव तिला उतरले. शूर कर्मा उतरले नाहीत.

मराठी वाचकाने हा धडा परक्या राज्याचा म्हणून वाचू नये. छत्तीसगढचा विशेष जनसुरक्षा कायदा सलवा जुडूमच्याच काळातला, २००५ च्या अखेरीस विधानसभेने मंजूर केलेला. त्याच धर्तीचे विधेयक १० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. सभागृहात त्याला उघड विरोध नोंदवणारे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले एकटेच होते. २०२४ च्या निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला दहा टक्के जागा न मिळाल्याने त्या दिवशी तेथे विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी होती. रायपुरात २००५ साली ती भरलेली होती. गडचिरोलीच्या पलीकडे आणि अलीकडे, दोन्हीकडच्या गावकऱ्यांना मात्र दोन्ही वेळा आपल्या वतीने प्रश्न विचारणारा माणूस त्या खुर्चीत मिळाला नाही.