खुणा कुणी केल्या

ऑगस्ट 2012 मध्ये बंगळुरात एसएमएस फिरू लागले, की ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार आहेत. हजारो माणसांनी गुवाहाटीच्या गाड्या पकडण्यासाठी स्टेशन गाठलं आणि रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. केंद्र सरकारनं पंधरा दिवस घाऊक एसएमएसवर बंदी घातली. बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या हॉटेलांत, सलूनमध्ये, सोसायट्यांच्या गेटवर ईशान्येकडची मुलं आजही दिसतात. ते संदेश मात्र ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहिले आणि फोन बदलले तसे गेले. अफवा थांबवायची कशी, यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. ती नीट वाचायची कशी, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला.

शिस्तीनं वाचण्याची रीत तशी जुनी. ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1967 मध्येच सांगून ठेवलं होतं, की तयार सिद्धांत मजकुरावर लादू नका. ओळ न् ओळ वाचा, तुकड्या-तुकड्याला कोड, म्हणजे नेमकं नाव, द्या आणि त्यातून काय वर येतं ते पाहा. पुढे लिन आणि टॉम रिचर्ड्स या ऑस्ट्रेलियन दांपत्यानं हे काम संगणकावर नेलं, त्यातून 1999 मध्ये एनव्हिवो हे सॉफ्टवेअर आलं. बर्लिनच्या विद्यापीठातल्या एका प्रकल्पातून निघालेलं अ‍ॅटलास.टीआय त्याआधीच, 1993 मध्ये, बाजारात आलं होतं. पण ही साधनं मुळात एकट्या संशोधकासाठी घडलेली. चौघांनी मिळून काम करायचं तर प्रत्येकानं आपापली प्रत घ्यायची आणि शेवटी सगळ्या मर्ज करायच्या. एकानं मधेच कोडचं नाव बदललं, की सगळं बिनसायचं.

ब्राउझरमध्येच सगळ्यांना एकत्र बसवणारं डेडूस आलं तेव्हा हा त्रास संपल्यासारखा वाटला. पण मे 2014 मध्ये त्यांची यंत्रणा कोसळली आणि जगभरच्या अनेक संशोधकांचं काम कायमचं गेलं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या मजकुराची रोज प्रत काढायची, ही सवय मजकूर वाचणाऱ्यांच्या आमच्या धंद्यात त्यानंतर पक्की झाली. पुढे टॅगेट हे मोफत, खुलं साधन आलं. मजकूर चढवायचा, वाक्य निवडायचं, टॅग लावायचा, बस. ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं आणि देवनागरी मजकूरही त्यात सुखानं राहतो. पैसे नसलेल्या लहान गटांना त्यानं मोठा हात दिला.

एका ओळीवर दोघांच्या खुणा वेगळ्या पडल्या, की पुढे काय करायचं, हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे असं माझं मत. 

एक उदाहरण घ्या. सप्टेंबर 2022 चा पूर मारतहळ्ळीत कुणी विसरलेलं नाही. बेळ्ळंदूर तलाव भरून वाहिला, आउटर रिंग रोडवर पाणी साचलं, लॅपटॉपच्या बॅगा सांभाळत ट्रॅक्टरमधून ऑफिसला निघालेल्या माणसांचे व्हिडिओ देशभर गेले. पाठोपाठ वाद पेटला. एका बाजूनं, आम्ही एवढा कर भरतो आणि आमच्या नशिबी हे. दुसऱ्या बाजूनं, तलाव बुजवून बांधलेल्या घरांत राहायला तुम्हीच आलात ना? आम्ही मित्रमंडळींनी असा मजकूर एकत्र वाचायला घेतला. करदात्याच्या त्राग्याला मी ‘नागरी तक्रार’ असा कोड दिला. कन्नड मैत्रिणीनं त्याच ओळीला ‘बाहेरच्याचा तोरा’ असा दिला आणि शेजारी मेमोत, म्हणजे टिपणात, लिहिलं, की कर भरणारे फक्त हेच, असं इथे गृहीत धरलं आहे. तमिळ मित्रानं दोन्ही कोड लावले.

अशा वेळी नेहमीचा रस्ता म्हणजे कोहेन यांचा कप्पा. 1960 पासून वापरात असलेला हा आकडा दोन वाचकांची सहमती निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त आहे ते सांगतो. आकडा कमी आला की चर्चा करून कोड जुळवायचे आणि अहवाल लिहायचा. कप्पा कामाचाच आहे, व्याख्या ढिली असेल तर तो लगेच पकडतो. पण इथे व्याख्या ढिली नव्हती. एकच ओळ दोन माणसांवर वेगळी आदळत होती. ते जुळवून टाकलं असतं तर हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट पुसली गेली असती. आम्ही तिन्ही खुणा नावांसकट ठेवल्या.

हाच विचार फार मोठ्या कामात दिसला तो ‘उली’ या प्रकल्पात. बंगळुरूची सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी आणि टॅटल या संस्थांनी बायकांवर आणि समलिंगी, तृतीयपंथी व्यक्तींवर ऑनलाइन होणारी शिवीगाळ ओळखण्यासाठी ट्वीट वाचून घेतली, तीही असा त्रास ज्यांच्या वाट्याला येतो अशाच जाणकारांकडून. तेच ट्वीट अशा व्यक्तीला उद्देशून असेल तर शिवीगाळ ठरेल का, आणि तसं नसेल तर ठरेल का, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. प्रश्न असा फोडणं हेच मला त्या कामातलं खरं शहाणपण वाटतं. सुरुवात हिंदी, तमिळ आणि भारतीय इंग्रजीनं झाली, मराठी त्यात नव्हती. मराठीत पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटानं 2022 मध्ये ‘महाहेट’ केलं, 25,000 हून अधिक ट्वीट माणसांनी वाचून चार गटांत लावली.

आणि एकच मजकूर कोण कसा वाचतो हे महत्त्वाचं का, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली पाच माणसं जमावानं मारली. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारा तो मजकूर कुणाला कसा वाचता आला, त्यात भटक्या माणसाचं चित्र कसं आलं, हे यंत्र मोजून सांगणार नाही. शकुंतला बानाजी आणि राम भट या अभ्यासकांनी 2019 च्या अभ्यासात कर्नाटक, महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांशी बोलूनच असल्या प्रश्नांची उत्तरं शोधली.

2023 पासून अशा मजकुरापर्यंत पोचायची दारं बंद होत गेली. ट्विटरनं 2023 मध्ये संशोधकांसाठीची मोफत वाट बंद केली, ऑगस्ट 2024 मध्ये मेटानं क्राउडटँगल हे सार्वजनिक पोस्ट शोधण्याचं साधन गुंडाळलं. त्याच काळात कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय आलं आणि बटण दाबलं की कोड तयार मिळू लागले. आमच्या गटाचा नियम असा, की सगळ्यांनी आपापलं वाचून झाल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही. दाबल्यावर येणाऱ्या खुणा वेगळ्या रंगात राहतात, आणखी एका वाचकाच्या म्हणून, आणि त्या का खोडल्या तेही मेमोत लिहावं लागतं. मेमो ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहायचा. कन्नड मेमो मला अजून कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो, आणि बऱ्याचदा खरी चर्चा तिथेच सुरू होते.