नकाशावरचा चौकोन, माळावरची माणसे
कॅन्ससमधील ग्रॅहम काऊंटीच्या जन्माची कथा

अमेरिकेच्या कॅन्सस राज्याचा नकाशा उघडला की प्रथम डोळ्यांत भरतात त्या सरळ रेषा. आपल्याकडचे जिल्हे नदी, डोंगर, जुनी संस्थाने यांच्या कडेकडेने वळणे घेत जातात. तेथे मात्र राज्याच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच काऊंट्या जणू फूटपट्टीने आखलेल्या आहेत. काऊंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका आणि जिल्हा यांच्या मधले प्रशासकीय एकक. तिचा शेरीफ, तिचा कारकून, तिचे खजिनदार लोक मतदानाने निवडतात. जमिनीच्या नोंदी, करवसुली आणि न्यायालय तिच्या मुख्य ठिकाणी असते. राज्याच्या वायव्य भागातील ग्रॅहम काऊंटी ही अशीच एक. सुमारे तीस मैल लांब आणि तीस मैल रुंद, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास चौपट जागा. २०२० च्या जनगणनेत तेथे २,४१५ माणसे मोजली गेली. मुंबई-पुण्यातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलात याहून अधिक लोक राहतात.

एवढ्या लहानशा काऊंटीचा इतिहास कशासाठी वाचायचा, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर तिच्या स्थापनेत आहे. गुलामगिरीतून सुटून उणीपुरी बारा वर्षे झालेली कृष्णवर्णीय कुटुंबे या माळावर येऊन राहिली. काऊंटी उभी राहण्यासाठी जी माणसे मोजली गेली त्यांत ती होती आणि या काऊंटीचे पहिले दप्तर त्यांच्यातल्याच एकाच्या हाती आले.

काऊंटीच्या सीमा ठरल्या १८६७ मध्ये. कॅन्ससच्या विधिमंडळाने पश्चिमेकडचा कोरा प्रदेश कागदावर चौकोनांत वाटला आणि एकेका चौकोनाला नाव दिले. बरीचशी नावे यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांची होती. १८६३ च्या चिकामॉगाच्या लढाईत मारला गेलेला कॅप्टन जॉन एल. ग्रॅहम हा त्यांपैकी एक. त्याच्या नावाचा चौकोन पुढे तेरा वर्षे नुसताच चौकोन राहिला. शेरीफ नाही, न्यायालय नाही, शाळा नाही. ज्या प्रदेशाला ही नावे दिली जात होती तो निर्मनुष्य होता असे मात्र नव्हे. पॉनी, शायेन आदी जमाती पिढ्यान्‌पिढ्या येथे गव्यांच्या शिकारीला येत. गव्यांचे कळप गोऱ्या शिकाऱ्यांनी संपवले, जमातींना राखीव प्रदेशांत ढकलण्यात आले आणि मग जमीन ‘मोकळी’ झाली. मोकळी या शब्दात किती काही दडवता येते, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

जमिनीची मोजणीही अशीच भूमितीच्या पुस्तकासारखी. सहा मैल गुणिले सहा मैलांचा एक टाऊनशिप, त्यात एकेक चौरस मैलाचे छत्तीस सेक्शन, एका सेक्शनचे ६४० एकर आणि त्याचा चतकोर म्हणजे १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने हाच चतकोर किरकोळ शुल्क भरून कोणाही नागरिकाला मागता येत होता. अट एवढीच, की पाच वर्षे तेथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन कसायची. कायद्यात रंगाची अट नव्हती. दक्षिणेत दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या माणसाला हे १६० एकर म्हणजे काय वाटत असतील, याची कल्पना आपल्याकडे कुळकायद्याआधीचे दिवस ऐकून असलेल्यांना सहज येईल.

माळावर ‘शहर’

१८७७ हे वर्ष अमेरिकी इतिहासात एका वळणाचे आहे. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील मुक्त झालेल्या लोकांच्या हक्कांसाठी ठेवलेले केंद्रीय सैन्याचे पाठबळ त्या वर्षी काढून घेण्यात आले. जुने जमीनदार पुन्हा डोके वर काढू लागले. मतदानाला जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे ठरू लागले. केंटकी राज्य तर युद्धात उत्तरेकडे राहिलेले, पण तेथील गुलामगिरी संपली ती १८६५ च्या अखेरीस, घटनेतील तेराव्या दुरुस्तीनेच. गुलाम मुक्त झाले, परंतु जमीन कोणालाच मिळाली नाही.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि टोपेका शहरातील काही कृष्णवर्णीय पुढारी यांनी सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेकाठी एका वसाहतीची आखणी केली. तिला नाव दिले निकोडेमस. कंपनीचे अध्यक्ष होते डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. केंटकीतील चर्चांमधून पत्रके फिरली. सुपीक जमीन, भरपूर पाणी, शिकारीला जनावरे, असे त्या पत्रकांतले वर्णन होते. जमिनीच्या जाहिराती आणि वस्तुस्थिती यांतील अंतर आपल्या शहरी वाचकाला नव्याने सांगायला नको.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन परिसरातून तीनशेहून अधिक माणसे निघाली. रेल्वेने एलिस या ठाण्यापर्यंत आणि तेथून सुमारे पस्तीस मैल चालत. पुढच्या वसंतात जॉर्जटाऊनहून आणखी एक तुकडी आली. त्या तुकडीचे पुढारी डॅनियल हिकमन यांच्या पत्नी विलियाना यांची आठवण नोंदली गेली आहे. गाव आले, असे पुरुष ओरडले. त्यांनी सगळीकडे पाहिले तर गाव दिसेना. तेव्हा पतीने जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते. विलियाना यांना रडू कोसळले. एलिसमध्ये थांबले असताना या तुकडीतील अनेक मुले गोवराने दगावली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रडण्याचा अर्थ अधिक कळतो.

या माळावर लाकूड नाही. त्यामुळे टेकाडाच्या उतारात खोली खणायची, पुढच्या बाजूला गवताच्या मुळांनी घट्ट धरलेल्या मातीच्या विटा रचायच्या आणि वर फांद्या, गवत व माती घालायची. सरपण म्हणून गव्याचे वाळलेले शेण आणि सूर्यफुलाचे धांडे. पहिली तुकडी पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर पोहोचली होती. बैल, घोडे, नांगर जवळजवळ नव्हतेच. अनेकांनी पुढच्या वर्षी फावडे आणि कुदळ घेऊन जमीन फोडली. फसवले गेल्याचा राग इतका होता, की हिल यांना जीव वाचवण्यासाठी लपून बसावे लागले, असे तेथे आजही सांगितले जाते. बरीच कुटुंबे परत गेली. त्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्याकडील मांस वाटून दिले आणि वसाहत तगली, अशीही तेथील परंपरागत आठवण आहे. स्वतः जमिनीवरून हुसकले गेलेल्यांनी नव्याने आलेल्यांना जगवले, ही गोष्ट अमेरिकी शालेय इतिहासात ठळकपणे यायला हवी होती.

डोकी मोजा, मग शेरीफ मागा

आता मूळ मुद्दा. कागदावरच्या चौकोनाची खरी काऊंटी कशी होत असे? कायद्याने ठरवलेल्या संख्येइतकी वस्ती झाली, की रहिवाशांनी गव्हर्नरकडे अर्ज करायचा. गव्हर्नरने नेमलेला माणूस घरोघर जाऊन डोकी मोजणार. संख्या भरली, तर गव्हर्नर जाहीरनामा काढून तात्पुरते अधिकारी नेमणार आणि तात्पुरते मुख्य ठिकाण ठरवणार. तोपर्यंत तो प्रदेश शेजारच्या संघटित काऊंटीला जोडलेला.

या पद्धतीत लबाडीला भरपूर वाव होता. कॅन्ससच्याच दक्षिण भागात १८७३ मध्ये हार्पर काऊंटी ‘स्थापन’ झाली, तेव्हा तेथे जवळजवळ कोणी राहतच नव्हते. रहिवाशांची नावे दूरच्या सिनसिनाटी शहराच्या निर्देशिकेतून उतरवून घेतली होती! उद्देश एकच. काऊंटी झाली की तिच्या नावाने कर्जरोखे काढून विकता येत. पैसे घेऊन मंडळी पसार झाली आणि पुढे खरोखर राहायला आलेल्यांच्या मानेवर ते कर्ज बसले.

ग्रॅहम काऊंटीत मात्र माणसे खरी होती आणि त्यांतला मोठा वाटा निकोडेमस व त्याच्या आसपासच्या शेतांवरचा होता. १८७८ मध्ये शिकागोहून दोन सुशिक्षित तरुण येथे आले होते. एक पत्रकार एब्राम हॉल आणि दुसरे एडविन पी. मॅकेब. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथे १८५० मध्ये जन्मलेल्या मॅकेब यांना शिकागोत कारकुनीचा अनुभव मिळालेला होता. माळावर नांगर धरणाऱ्यांपेक्षा अर्ज लिहिणारे, दावे नोंदवणारे, कायद्याची भाषा जाणणारे दुर्मीळ होते आणि या दोघांनी ती उणीव भरून काढली.

१८८० मध्ये गव्हर्नर जॉन पी. सेंट जॉन यांनी ग्रॅहम काऊंटी संघटित झाल्याचे जाहीर केले. मिलब्रुक हे तात्पुरते मुख्य ठिकाण ठरले आणि तात्पुरते काऊंटी-कारकून म्हणून मॅकेब यांची नेमणूक झाली. आपल्याकडे कारकून हा शब्द जरा हलक्याने घेतला जातो. तेथे हे पद वजनाचे. काऊंटीच्या कारभाराचे इतिवृत्त आणि करांच्या याद्या त्याच्या ताब्यात. नव्या काऊंटीचे पहिले दप्तर अशा रीतीने एका कृष्णवर्णीय तरुणाने उघडले. तेव्हा त्याचे वय एकोणतीस होते. पुढे त्याच पदावर ते निवडूनही आले आणि १८८२ मध्ये तर संपूर्ण राज्याने त्यांना राज्याचे लेखापाल म्हणून निवडले. दोन मुदती त्यांनी ते पद सांभाळले. दक्षिणेबाहेर इतक्या वरच्या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय मानले जातात.

त्या वर्षीच्या जनगणनेत काऊंटीत ४,२५८ माणसे होती. पहिला शाळा-विभाग, क्रमांक एक, निकोडेमसचाच. झॅकरी फ्लेचर यांच्या जमिनीत खणलेल्या घरात त्यांच्या पत्नी जेनी मुलांना शिकवीत. सात-आठ वर्षांत मातीच्या घरांच्या जागी दगडी इमारती, दोन चर्च, हॉटेल, दुकाने आणि चक्क दोन वृत्तपत्रे आली. ‘वेस्टर्न सायक्लोन’ १८८६ मध्ये निघाले, ‘निकोडेमस एंटरप्राइज’ त्यानंतरच्या वर्षी.

रूळ नदीपलीकडे

मुख्य ठिकाण कोणते, यावरून माळावरच्या गावांत हाडवैर असे, कारण न्यायालय जेथे, तेथे वकील, दुकाने आणि जमिनीचे भाव. ग्रॅहम काऊंटीत हा वाद बऱ्याच अंशी वाऱ्यानेच सोडवला. १८८७ मध्ये चक्रीवादळाने मिलब्रुक उद्ध्वस्त केले आणि १८८८ मध्ये मुख्य ठिकाण हिल सिटीला गेले. हे हिल म्हणजे तेच, निकोडेमसची जाहिरात करणारे. त्यांनी आपल्या नावाचे गाव वसवले होते. फसवणुकीचा बोल लागलेल्या दलालाच्या गावात काऊंटीचे न्यायालय आले.

निकोडेमसची सारी आशा रेल्वेवर होती. गावकऱ्यांनी १८८७ मध्ये मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरच्या कर्जरोख्यांना मतदानाने संमती दिली. ती कंपनी आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, काही मैल दूर. तेथे बोग हे नवे गाव उभे राहिले. निकोडेमसमधील व्यापाऱ्यांनी दुकाने हलवली. काहींनी तर इमारतीच उचलून नेल्या. वृत्तपत्रे बंद पडली. मॅकेब यांनीही कॅन्सस सोडले आणि १८९० मध्ये ओक्लाहोमात लँगस्टन या कृष्णवर्णीयांच्या गावाची स्थापना केली. तेथेही वर्णभेदाचे कायदे आले, तेव्हा रेल्वेच्या वेगळ्या डब्यांविरुद्ध त्यांनी लढवलेला खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९१४ मध्ये त्यांच्या विरुद्ध निकालात निघाला.

गाव केवळ रेल्वेमुळे खचले, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. ग्रॅहम काऊंटीतून शंभरावे पश्चिम रेखावृत्त जाते. जॉन वेस्ली पॉवेल या सर्वेक्षकाने १८७८ च्या अहवालातच बजावले होते, की साधारण या रेषेच्या पश्चिमेला केवळ पावसावर शेती भरवशाची नाही आणि १६० एकरांचा चतकोर तेथे उपयोगाचा नाही. सिंचन असेल तर ऐंशी एकर पुरतील, नसेल तर गुरांसाठी २,५६० एकर हवेत, असे त्याचे गणित होते. ज्या वर्षी हा अहवाल आला त्याच वर्षी जॉर्जटाऊनची तुकडी या रेषेच्या अलीकडे काही मैलांवर खड्डे खणत होती. सरकारने अहवाल बाजूला ठेवला. काऊंटीतील गोरी गावेही पुढे ओस पडत गेलीच. पण मागे भांडवल नसलेल्यांना पहिला फटका बसला.

तरीही ज्यांनी रान सोडले नाही अशी काही कुटुंबे राहिली. १९९६ मध्ये अमेरिकी सरकारने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. दोन चर्च, शाळा, जुने हॉटेल आणि सभागृह अशा पाच इमारती त्यात येतात. गावात आता मूठभर माणसे राहतात. दरवर्षी जुलैच्या अखेरीस मात्र रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागते. १ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी संपली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ सुरू झालेला हा मेळा आहे आणि देशभर पांगलेले वंशज त्यासाठी घरी येतात.